तळटीपेतला पोर्टर

युजीन ओनीलचे ‘द एम्परर जोन्स’ (१९२०) शिकवताना आपण नगाऱ्याची चढती लय, जंगल, वंशस्मृती आणि अभिव्यक्तिवाद यांवर तासन् तास बोलतो. ब्रूटस जोन्स पूर्वी पुलमन कंपनीच्या शयनयानात पोर्टर होता, ही बाब मात्र तळटीपेत जाते. माझी तक्रार या तळटीपेविषयी आहे.

धावत्या गाडीत वरच्या बर्थ उघडणारा, बिछाने घालणारा, प्रवाशांचे बूट चमकवणारा आणि अपरात्री घंटेला ओ देणारा हा कृष्णवर्णीय कामगार. संस्थापक जॉर्ज पुलमनच्या नावावरून प्रवासी त्याला सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत. हा अपमान आपल्याला चटकन बोचतो, कारण तो शब्दांतला आहे. पण त्याच्या हाडामांसाचे काय?

अमेरिकेत १९०८च्या कायद्याने जखमी रेल्वे कामगाराला भरपाई मागण्याचा हक्क दिला आणि तो हक्क सोडून देणारे करार रद्द ठरवले. पोर्टरचा पगार मात्र रेल्वे नव्हे, पुलमन देत असे. आणि अपघात झाल्यास रेल्वे कंपनीला जबाबदार धरणार नाही, असे नोकरीच्या करारातच लिहून घेतले जाई. १९१५मध्ये रॉबिन्सन या जखमी पोर्टरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला: तो रेल्वेचा नोकर नाही, म्हणून कायदा त्याला लागू नाही आणि करार वैध आहे. एकाच गाडीतला ब्रेकवाला कायद्याच्या आत, पोर्टर बाहेर!

‘हे समाजशास्त्र झाले, साहित्य नव्हे’, असा आक्षेप येईलच. पण ‘नोकर कोणाचा?’ हा प्रश्न अर्थनिर्णयाचाच नव्हे काय? एका शब्दाच्या अर्थावर माणसाची भरपाई बुडते, तेथे शब्दांचे अभ्यासक म्हणवणाऱ्यांनी गप्प बसावे, हे कोणते सौंदर्यशास्त्र?

पोर्टरांनी स्वतः हा मजकूर नीट वाचला होता. १९२५मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांची संघटना उभी राहिली. १९३७च्या करारात महिन्याचे सुमारे ४०० तासांचे काम २४० तासांवर आले. झोपेविना राबणाऱ्या शरीराच्या रक्षणाची ती सुरुवात होती.

ओनीलच्या जंगलात जेफचे भूत येते, तेही पोर्टरच्या गणवेशात. मेल्यावरही तो अंगावरून उतरलेला नाही. पुढच्या वेळी वर्गात एवढेच विचारावे: या गणवेशातले शरीर मोडले असते, तर भरपाई कोणी दिली असती?