विकत घेतलेला गोंगाट

रात्री अकरानंतर फर्ग्युसन रस्त्यावर किंवा कोरेगाव पार्कात जो गडगडाट ऐकू येतो, तो वाहनांची संख्या वाढल्याचा अपरिहार्य परिणाम नव्हे. तो पैसे मोजून विकत घेतलेला आहे. मोटारीचा अथवा मोटारसायकलचा मूळ सायलेन्सर काढून दुसरा बसविल्याविना तो निर्माणच होत नाही. उपायांची चर्चा करणाऱ्यांनी ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी, असे आम्हांस वाटते.

इंजिन हे मुळात स्फोटांवर चालणारे यंत्र आहे. चार सिलिंडरांच्या मोटारीचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असता सेकंदाला शंभर वेळा तप्त वायूंचा लोट बाहेर फेकते. एका सिलिंडरची बुलेट त्याच गतीला पंचवीस वेळा. म्हणूनच बुलेटचे ठोके सुटे सुटे ऐकू येतात आणि मोटारीचा आवाज सलग भासतो. हे धक्के सौम्य करण्यासाठी सायलेन्सरमध्ये कप्पे, छिद्रे पाडलेल्या नळ्या आणि पुष्कळदा तंतुमय अस्तर असते. कप्प्यांच्या भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनिलहरी पुढून येणाऱ्या लहरींचा जोर मोडतात आणि अस्तर तीव्र स्वर शोषून घेते. ही रचना काढून सरळ नळी बसविली, की स्फोट जसाच्या तसा रस्त्यावर येतो. न जळलेले इंधन तापलेल्या नळीत पेटू दिले, की बंदुकीच्या बारासारखे आवाज निघतात. यात चुकून घडलेले असे काहीच नाही.

यामुळे गाडीचा जोर वाढतो, असे सांगितले जाते. परंतु केवळ सायलेन्सर बदलल्याने पडणारी भर बहुधा नगण्य असते. वाढतो तो आवाज. आणि दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिशक्ती दसपट. धूर शुद्ध करणारे उपकरणही याच खटपटीत काढून टाकले, तर कानांबरोबर फुप्फुसांनाही त्याची किंमत द्यावी लागते.

कायदा याबाबत मुका नाही. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातली. शांततेने जगण्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनुसार वाहनाच्या आवाजाचे प्रमाण मोडणाऱ्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. मग उणीव कोठे आहे? पोलिस अधूनमधून मोहीम काढतात, जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात, छायाचित्रे प्रसिद्ध होतात, आणि दुसऱ्या दिवशी नवा सायलेन्सर बसविण्यासाठी दुकान उघडेच असते. चालक सापडतो, विकणारा आणि बसविणारा बहुधा मोकळा राहतो.

आमची सूचना साधी आहे. प्रदूषण नियंत्रणाच्या प्रमाणपत्रासाठी प्रत्येक वाहनाचा धूर तपासला जातो, आवाज मात्र तपासला जात नाही. त्याच वेळी तोही मोजावा. परीक्षेपुरता जुना सायलेन्सर बसविणारे महाभाग निघतील, हे आम्ही जाणतो. म्हणूनच पकडलेल्या प्रत्येक चालकाकडून दुकानाचे नाव घेऊन चौकशी तेथपर्यंत नेली पाहिजे. शंभर गाड्यांमागे धावण्यापेक्षा एका गॅरेजवर लक्ष ठेवणे सोपे नव्हे काय?

यंत्राच्या नादाचे आकर्षण तरुणांना वाटते, यात पाप नाही. त्यासाठी शर्यतीची धावपट्टी आहे. रुग्णाच्या खिडकीखालचा रस्ता नव्हे. मात्र त्यांना बोल लावताना आपणही आरशात पाहावे. मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभारण्यासाठी वर्गणी देणाऱ्या आणि सिग्नल सुटताच हॉर्न दाबणाऱ्या वडीलधाऱ्यांचा उपदेश मुलांनी का ऐकावा? शिवाय या सायलेन्सरचे पैसे पुष्कळदा घरातूनच जातात. पोलिसांनी दुकानापर्यंत पोहोचावे, ही मागणी रास्तच आहे. पण घरच्या गाडीचा आवाज का बदलला, हे विचारण्यासाठी कोणत्याही पालकाला पोलिसांची वाट पाहण्याचे कारण नाही.