सूड पुरा झाला, न्यायाचे काय?

कुळगाव-बदलापूरच्या जनतेने २० ऑगस्ट २०२४ रोजी रेल्वे रोखून धरली, तेव्हा तिचा संताप शंभर टक्के खरा होता. शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवर तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार होती आणि ती नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावे लागले होते. मग लोक रुळावर उतरणार नाहीत तर काय करतील? त्या संतापाला आम्ही दोष देत नाही. परंतु त्या दिवशी घोषणा होती ती ‘फाशी द्या’ आणि तीही आत्ताच! या ‘आत्ताच’पाशी न्याय संपतो आणि सूड सुरू होतो, हे आज शांत डोक्याने सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

पुढे काय घडले? २३ सप्टेंबर २०२४ रोजी तळोजा तुरुंगातून आणले जात असताना आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून ठार झाला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असे पोलिसांनी सांगितले. मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक झळकले. जानेवारी २०२५ मध्ये मात्र दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरले.

आरोपी मेला आणि त्याच्यावरचा खटलाही त्याच्याबरोबर मेला. त्या मुलींचे म्हणणे खरे आहे, असे त्याला पिंजऱ्यात उभे करून कोणत्याही न्यायालयाने सांगितले नाही. आता ते कधीच सांगितले जाणार नाही. सूडाला एक देह पुरतो. न्यायाला सत्य लागते. कोणी केले, कोणी पाहिले, कोणी दाबले, या सगळ्याचा हिशेब लागतो.

आणि सूड कोणाचा घेतला जातो? अत्याचाराची माहिती पोलिसांना दिली नाही म्हणून शाळेच्या विश्वस्तांवरही गुन्हा दाखल झाला होता. त्यांना अटकपूर्व जामिनासाठी उच्च न्यायालयापर्यंत जाता आले. तो त्यांचा हक्कच होता, आमची त्याबद्दल तक्रार नाही. आमचा प्रश्न एवढाच की कायद्याचा हा दरवाजा संस्थाचालकाला उघडा असतो, मग झाडूवाल्याच्या वाट्याला गोळी का?

मेल्यावरही सूड थांबला नाही. बदलापूर, अंबरनाथ भागात मृतदेह पुरू देणार नाही, अशी भूमिका घेतली गेली. बापाला मूठभर मातीसाठी उच्च न्यायालयात जावे लागले. अखेर २९ सप्टेंबरला उल्हासनगरला, तिथेही विरोध होत असताना, पोलीस बंदोबस्तात दफन झाले. गावच्या स्मशानात जागा नाकारणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

२९ सप्टेंबर ही तारीखही आपण विसरू शकत नाही. २००६ साली याच दिवशी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. फाशी मिळाली म्हणजे न्याय मिळाला काय? अॅट्रॉसिटीचा कायदा त्या निकालात लागूच झाला नाही! जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची शिक्षा दिली आणि हत्येमागे जात नव्हे, सूडभावना होती असे म्हटले. जातीचे नाव घ्यायचे टाळून दिलेली फाशीसुद्धा आपल्याला न्याय देऊ शकली नाही. आपली खरी लढाई दोरासाठी नव्हती. ज्याला जातीय अत्याचार म्हणतात, त्याला तसेच म्हटले जावे यासाठी ती होती.

मनुस्मृतीने एकाच गुन्ह्याला वर्ण पाहून वेगवेगळी शिक्षा सांगितली. जिथे इतरांना देहदंड, तिथे ब्राह्मणाचे नुसते मुंडन! बाबासाहेबांच्या संविधानाने माणूस न पाहता कृत्य पाहायला शिकवले. त्याच बाबासाहेबांनी ३ जून १९४९ रोजी घटना समितीत, फाशीची शिक्षा रद्दच करावी, असे स्पष्ट मत मांडले होते. अहिंसेचे तत्त्व मानणाऱ्या देशाने ते शक्य तेथे आचरणातही आणावे, हा त्यांचा आग्रह होता. आणि हा दोर कोणाच्या गळ्याशी येतो? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील सुमारे ७४ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते.

कोणी म्हणेल, तुमच्या घरची मुलगी असती तर? आमच्या घरची असती तर आम्हीही सूडच मागितला असता. म्हणूनच निवाडा आमच्या हाती नसावा, न्यायाधीशाच्या हाती असावा. आम्ही गुन्हेगाराला माफी मागत नाही. तक्रार त्याच दिवशी नोंदवा, खटला वेगाने चालवा, दोष सिद्ध झाल्यास त्याला आयुष्यभर तुरुंगात ठेवा आणि गुन्हा दडपणारा कितीही मोठा असो, त्यालाही त्याच पिंजऱ्यात उभा करा. चळवळीने मोर्चा काढावा तो या मागणीसाठी. कारण खटल्याविना गोळी घालायची सवय लागलेली व्यवस्था उद्या ती गोळी कोणत्या वस्तीत झाडणार, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे!