हप्त्याला पेरणीची तारीख हवी

घरापुरतं पिकवणाऱ्या कुटुंबात धान्य असतं, रोकड नसते. दीड-दोन एकरांत भात, नाचणी, बांधावर थोडी तूर. वर्षभर खायला पुरलं तरी पुष्कळ. अशा घराला रोख पैसा सर्वांत जास्त लागतो तो मे महिन्याच्या अखेरीस. बियाणं, खत, नांगरटीचं भाडं आणि त्याच पंधरवड्यात मुलांच्या वह्या-पुस्तकं. हातात पैसे नसले की दुकानात उधारी होते. उधारीवर माल उचलणाऱ्याला भावात घासाघीस करता येत नाही आणि वाणही दुकानदार देईल तेच घ्यावं लागतं.

म्हणून केंद्राच्या पीएम-किसान योजनेच्या दोन हजारांच्या हप्त्याला मी क्षुल्लक म्हणणार नाही. डीएपीची एक गोणी १,३५० रुपयांना आणि युरियाच्या दोन गोण्या ५३३ रुपयांना. एकरभर भाताच्या खताची बरीचशी सोय एका हप्त्यात होते. मात्र तो हप्ता पेरणीआधी हातात पडला पाहिजे. २०२५ मध्ये एप्रिल ते जुलै या काळाचा हप्ता खात्यात आला २ ऑगस्टला. तोवर कोकणात लावणी आटोपत आली होती, विदर्भात सोयाबीनला डवरणी चालू होती. पैसे आले ते थेट दुकानदाराच्या वहीत गेले. हप्ता सोडण्याचा मोठा कार्यक्रम ठरतो, आणि त्याच्या तारखेप्रमाणे पैसे निघतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो यवतमाळला झाला, ऑक्टोबरमध्ये वाशिमला. तेलंगणाने २०१८ मध्ये ‘रयतु बंधू’ आणली तेव्हा एकरी चार हजार रुपये हंगामाच्या तोंडावर द्यायचे असं ठरवलं. तिच्यात दोष होते, जास्त जमीन असणाऱ्याला जास्त पैसे मिळत. पण पैसा पेरणीसाठी आहे एवढं तरी त्या योजनेला ठाऊक होतं.

फुकटचा पैसा दारूत जातो, हे वाक्य गावातल्या पारावर आणि शहरातल्या दिवाणखान्यात सारखंच ऐकू येतं. पश्चिम केनियातल्या गरीब कुटुंबांना विनाअट रोख रक्कम देऊन अर्थशास्त्रज्ञांनी त्यांचा खर्च तपासला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला दिसला नाही; जेवण सुधारलं, जनावरं वाढली. दरमहा थोडं मिळालं तिथे पोटाची निश्चिंती आली, एकरकमी मिळालं तिथे घरावर पत्रे चढले.

आपल्याकडे मला सर्वांत जास्त खटकतं ते नावाचं. केंद्राचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या ‘नमो शेतकरी’चे सहा हजार, दोन्ही सातबारावर नाव असणाऱ्याला. खंडाने किंवा वाट्याने कसणाऱ्याला छदामही नाही, मग घाम त्याचा का असेना. ओडिशाच्या ‘कालिया’ योजनेने वाटेकऱ्यांना सामावून घेतलं होतं, म्हणजे ते अशक्य नाही. त्यात राज्याच्या ‘लाडकी बहीण’ योजनेचा नियम पाहा. शेतीच्या योजनांतून वर्षाला बारा हजार घेणाऱ्या बाईला महिन्याला दीड हजारांऐवजी पाचशेच मिळतात. नवऱ्याच्या नावावर जमीन असेल तर घरात तिन्ही योजनांचे मिळून वर्षाला तीस हजार येतात. नवरा गेला, भावकीशी भांडून वारसनोंद करून घेतली, जमीन बाईच्या नावावर आली की तेच अठरा हजार होतात. एकटीने शेती ओढणाऱ्या बाईच्या हातचे बारा हजार काढून घेणारा हा नियम अन्यायाचा आहे आणि तो रद्द झाला पाहिजे.

पुढच्या खरिपाचा हप्ता १५ मेच्या आत खात्यात पडेल, कार्यक्रम असो वा नसो, असं सरकारने लेखी जाहीर करावं. आणि तुमच्या गावात एखादी बाई वारसनोंदीसाठी तलाठी कार्यालयाच्या खेपा घालत असेल, तर तिच्यासोबत जा.