सडपातळांचा भ्रम

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या स्नेह्यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा प्रत्येकाचा पहिला उद्गार एकच होता, ‘‘अहो, पण ते तर किती सडपातळ!’’ वय चौपन्न, वजन पासष्ट किलो, व्यसन कसलेही नाही. छातीत दुखलेही नव्हते. थोडा घाम आणि विलक्षण थकवा, एवढेच. दीर्घकाळच्या मधुमेहात मज्जातंतू बधिर होतात आणि मग वेदनेची सूचनाही मिळेनाशी होते. रुग्णालयात वहिनींनी पिशवीतून तीन फायली काढल्या. एकीत आठ वर्षांचा मधुमेह, दुसरीत रक्तदाब, तिसरीत कोलेस्टेरॉल. तीन फायली, तीन डॉक्टर. एकाचे कागद दुसऱ्यापुढे ठेवावेत, हे घरात कुणाला कधी सुचलेच नव्हते.

लठ्ठपणा, मधुमेह आणि हृदयविकार ही तीन स्वतंत्र संकटे आहेत, ही आपली मूळ चूक. दुसरी चूक म्हणजे लठ्ठपणा डोळ्यांना दिसतो हा समज. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेतील वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! हातपाय बारीक, स्नायू कमी आणि पोटात मेद, ही आपली भारतीय ठेवण. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांना पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांतही ती आढळली. इंग्लंडमधील बाळांपेक्षा ती वजनाने बरीच कमी होती. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती.

पोटातील हा मेद स्वस्थ बसत नाही. त्यातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृतात जातात, इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, साखर वाढते, रक्तातील ट्रायग्लिसराइड्स वाढतात, उपकारक कोलेस्टेरॉल घटते आणि रोहिण्यांच्या भिंतींवर थर साचू लागतो. रोग एकच, फायली तेवढ्या तीन.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि ३९.५ टक्के प्रौढांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आहे. हे लोक कोण? आपणच. आपल्याकडे आग्रह म्हणजे प्रेम आणि नकार म्हणजे अपमान. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याची भाजी आणि राजगिऱ्याचा लाडू. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काही परक्यांनी केलेली नाही. कार्यकर्त्यांचे तर विचारूच नका! संध्याकाळी पाच घरी जायचे म्हणजे पाच गोड चहा, आणि ‘बिनसाखरेचा द्या’ म्हणायचा संकोच. वर पुन्हा ‘आमची धावपळ पुष्कळ असते’ ही समजूत. ती धावपळ बहुधा दुचाकीची असते, पायांची नव्हे.

यावर उपाय नाही असे मुळीच नाही. डेन्मार्कमधील स्टेनो केंद्रात १६० मधुमेहींवर एक दीर्घ प्रयोग झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार आणि व्यायाम हे सारे एकत्रितपणे, सुमारे आठ वर्षे काटेकोर सांभाळले गेले. एकवीस वर्षांनी हिशेब झाला, तेव्हा या दुसऱ्या गटाचे आयुष्य जवळजवळ आठ वर्षांनी अधिक भरले. येथे कोणतेही चमत्कारी औषध नव्हते, सारे एका दृष्टीखाली होते एवढेच.

आरंभ घरच्या शिवणाच्या डब्यातील टेपने करता येतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजावा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर व स्त्रियांसाठी ८० ही मर्यादा मानली जाते. पँटचे माप सांगू नये. ती आपण पोटाखाली बांधतो. घेर अधिक भरला, तर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल या तिन्ही तपासण्या एकदमच कराव्यात आणि सारे कागद एकाच डॉक्टरांपुढे ठेवावेत.

आमच्या स्नेह्यांचा घेर झटक्यानंतर प्रथमच मोजला गेला. तो ९६ सेंटिमीटर भरला. आता वहिनींनी तिन्ही फायली एकत्र बांधल्या आहेत, आणि परवा त्यांच्याकडे गेलो तर माझ्यापुढेही बिनसाखरेचाच चहा आला. टेपही शेजारीच ठेवलेली होती.