लाल दिव्याचा धनी कोण?

काही वर्षांपूर्वी एका महानगरपालिकेच्या आढावा बैठकीत वाहतूक सिग्नलांचा विषय निघाला. सर्व तक्रारींचे मुदतीत निवारण झाल्याचा तक्ता कंत्राटदाराच्या प्रतिनिधीने पुढे ठेवला. त्याच संध्याकाळी मी शहरातून फिरलो, तेव्हा तीन मोठ्या चौकांत नुसता पिवळा दिवा उघडझाप करीत होता. कंत्राटातील व्याख्येनुसार हे सिग्नल 'बंद' नव्हते, म्हणून तक्ता खरा होता.

लुकलुकणारा पिवळा दिवा म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. चौकातील नियंत्रक पेटीत अशी व्यवस्था असते की, एकमेकांना छेदणाऱ्या दोन दिशांना एकाच वेळी हिरवा दिवा लागण्याचा धोका दिसताच यंत्र स्वतःच पिवळ्यावर जाते. तो धोक्याचा इशारा असतो. केबलच्या जोडात पाणी शिरले, जलवाहिनीच्या खोदाईत तार तुटली की कार्ड जळाले, हे शोधण्यास तंत्रज्ञाला अर्धा दिवस लागतो. यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्यास चार मिनिटे पुरतात. बिल निघते ते या चार मिनिटांचे.

हा तंत्रज्ञ कोणाचा? रस्ता पालिकेचा, वीज वितरण कंपनीची, यंत्र पुरवठादाराचे, दिव्यांच्या वेळा ठरविणार वाहतूक पोलिस. दिल्लीत सिग्नल वाहतूक पोलिसांकडे, तर मुंबईत महानगरपालिकेकडे. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) आलेल्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत रस्ते आहेत, पथदिवे आहेत, बसथांबेही आहेत. सिग्नलाचा नामोल्लेख नाही. अनेक पालिकांच्या आकृतिबंधात 'सिग्नल तंत्रज्ञ' असे पदच आढळत नाही. भर पावसात शिडीवर चढलेला तो मुलगा कंत्राटदाराच्या उपकंत्राटदाराचा रोजंदार असतो, आणि पुढील निविदेत त्याच्याजागी दुसराच येतो.

रेल्वेकडे पाहा. तेथे सिग्नल व दूरसंचार हा स्वतंत्र विभाग आहे. तेथील तंत्रज्ञ यंत्रणेस हात लावण्यापूर्वी स्टेशनमास्तरला लेखी सूचना देतो आणि काम संपल्यावर ती पुन्हा जोडल्याची नोंद करतो. इतके असूनही २ जून २०२३ रोजी बालासोरजवळ अपघात झाला आणि २९० हून अधिक माणसे गेली. चौकशीत तारांवरील चुकीच्या खुणा वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात आल्या नव्हत्या, असे निघाले. नोंदीची शिस्त असलेल्या खात्यात हे घडते, तर जेथे चौकाच्या केबलचा नकाशाच मागील कंत्राटदाराबरोबर निघून जातो, तेथे काय अपेक्षा करावी?

कायम नोकर कामचुकार होतात, कंत्राटाने खर्च वाचतो, असा युक्तिवाद केला जातो. मीही एकेकाळी तो केला आहे. परंतु १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने एक साधी कसोटी घालून दिली होती : काम बारमाही आहे काय? सिग्नल तर रात्रंदिवस चालतो. कंत्राटाने सुटे भाग विकत घेता येतात. कोणत्या चौकात कोणती तार दरवर्षी जूनमध्ये दगा देते, ही माहिती निविदेने येत नाही.

आणखी एक विसंगती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार लाल दिवा ओलांडणे हे धोकादायक वाहन चालविणे ठरते. स्मार्ट सिटी अभियानात (२०१५ ते २०२५) शंभरही शहरांत नियंत्रण कक्ष उभे राहिले. नागरिकाची चूक कॅमेरा टिपतो. मात्र सदोष देखभालीसाठी संबंधित यंत्रणेला कलम १९८-अ खाली दंड होतो तो मृत्यू वा अपंगत्व आल्यानंतर, आणि तोही फार तर एक लाख रुपये. दिवा बिघडला, त्याचा दंड कोणाच्या खिशातून जातो?

उपाय कठीण नाहीत.

१) प्रत्येक महानगरपालिकेच्या आकृतिबंधात सिग्नल तंत्रज्ञाची पदे असावीत, आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन अभ्यासक्रमाला जोडून त्यासाठी खास प्रशिक्षण असावे.

२) प्रत्येक चौकाची नोंदवही व केबलचा नकाशा पालिकेच्या मालकीचा असावा.

३) चौकाजवळील खोदाईची परवानगी तंत्रज्ञाच्या स्वाक्षरीखेरीज देऊ नये.

४) पिवळ्यावर टाकलेला सिग्नल 'बंद' म्हणूनच मोजावा.

यांपैकी चौथ्या उपायास एक रुपयाही लागत नाही. वाचकहो, आपण इंदुरात असा, बडोद्यात असा वा हैदराबादेत. आपल्या चौकातील पिवळा दिवा किती दिवस लुकलुकत आहे, आणि त्या काळात पालिकेने देखभालीचे किती बिल दिले, हे माहितीच्या अधिकारात अवश्य विचारा. उत्तर देण्यासाठी तरी कोणाला तरी त्या दिव्याचे धनीपण घ्यावेच लागेल.