आदिवासी स्त्रीचे स्वातंत्र्य आणि सातबारा

पावसाळ्यात लोणावळ्यास हवा खावयास जाणारी आमची सुशिक्षित मंडळी मावळात भाताच्या आवणीत वाकलेल्या ठाकर व महादेव कोळी बायका पाहतात, आणि घरी परतल्यावर दोहोंपैकी एक मत ठोकून देतात. कोणी म्हणतो, देज घेणारा हा समाज मुली विकतो. दुसरा म्हणतो, पाट लावण्याची मोकळीक असलेली ही स्त्री आमच्या बायकांहून शतपट स्वतंत्र आहे. आमच्या मते दोन्ही पक्ष सारखेच आंधळे आहेत.

पहिल्या पक्षास उत्तर सोपे आहे. राबणारे दोन हात माहेरचे सासरी जातात, त्याची भरपाई म्हणजे देज. १९६१ साली बंदीचा कायदा करावा लागला तो आमच्या हुंड्यापायी!

दुसरा पक्ष गोड बोलतो, म्हणून अधिक घातक. मेलानेशियातील ट्रॉब्रिअंड बेटांवर वंश आईकडून चालतो, हे मॅलिनोव्स्कीने पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथे राहून विस्ताराने वर्णिले. परंतु उत्तरकार्यात बायका केळीच्या पानांच्या जुड्या वाटतात, ती त्यांची खरी संपत्ती होय, हे १९७६ साली ॲनेट वायनर या विदुषीने दाखविले. स्त्रीला मान किती, एवढे विचारून भागत नाही. तिच्या हाती काय आहे, हे पाहावे लागते.

तोच प्रश्न अंदर मावळात विचारावा. राबासाठी पालापाचोळा वाहणारी ती, रोपे उपटणारी ती, आवणी करणारी ती. सातबारावर नाव मात्र बहुधा बापाचे, नवऱ्याचे वा भावाचे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने अनुसूचित जमातींना वगळले. म्हणून २००५ च्या दुरुस्तीने आमच्या लेकींना मिळालेला समान वाटा तिच्या दारी पोहोचला नाही. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडातील एका गोंड स्त्रीच्या वारसांना वाटा दिला खरा. पण प्रत्येक ठाकरणीने दिल्लीपर्यंत पायऱ्या झिजवाव्या काय?

जमीन परक्यांच्या घशात जाईल, असा आक्षेप घेतात. आदिवासींची जमीन इतरांच्या नावे करण्यास राज्याच्या महसूल कायद्यात निर्बंध आहेतच. शिवाय वनजमिनीचा हक्क नवराबायकोच्या संयुक्त नावे नोंदवावा, असे २००६ च्या वनहक्क कायद्यानेच सांगितले आहे. वनात जे चालते, ते खाचरात का चालू नये?

तिला वगळणाऱ्या कलमातच अधिसूचनेने ते वगळणे दूर करण्याचा अधिकार केंद्र सरकारास दिलेला आहे. या जमातींच्या स्त्रियांना विचारून तो आता वापरावा. तोवर त्यांच्या स्वातंत्र्याचे गोडवे गाण्याचा अधिकार आम्हां बंगलेवाल्यांस नाही.