अ‍ॅलिगेटरच्या प्रदेशात पाळीव कुत्र्यांची सुरक्षितता

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील फोर्ट पिअर्स येथे फेब्रुवारी २०२३ मध्ये तळ्याकाठी कुत्र्याला फिरवणाऱ्या ८५ वर्षीय महिलेचा अ‍ॅलिगेटर या मगरवर्गीय प्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्यापूर्वी ऑगस्ट २०१८ मध्ये दक्षिण कॅरोलिना राज्यातील हिल्टन हेड बेटावर ४५ वर्षीय महिलेने आपल्या कुत्र्याला वाचवण्याच्या प्रयत्नात प्राण गमावले. दोन्ही घटनांमध्ये कुत्री मात्र बचावली. त्यामुळे अशा प्रदेशात कुत्र्याची सुरक्षितता हा केवळ प्राणिप्रेमाचा विषय उरत नाही. तो मालकाच्या जीविताशी थेट निगडित आहे.

बेसुमार शिकारीमुळे अ‍ॅलिगेटरची संख्या घटली आणि १९६७ मध्ये त्याचा समावेश संकटग्रस्त प्राण्यांच्या सूचीत करण्यात आला. संरक्षणाचे प्रयत्न यशस्वी ठरून १९८७ मध्ये तो या सूचीतून वगळण्यात आला. आज एकट्या फ्लोरिडात सुमारे १३ लाख अ‍ॅलिगेटर असल्याचा अंदाज असून राज्याच्या सर्व ६७ परगण्यांत त्यांचे वास्तव्य आहे. दुसरीकडे, १९५० मध्ये सुमारे २८ लाख असलेली राज्याची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत २ कोटी १५ लाखांवर पोहोचली. दलदलीच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. पावसाचे पाणी साठवण्यासाठी या वसाहतींत आणि गोल्फ मैदानांवर खोदलेली तळी अ‍ॅलिगेटरना आयतीच लाभली, आणि त्याच तळ्यांच्या काठाने सकाळ-संध्याकाळ कुत्र्यांना फिरवण्याचे रस्ते गेले.

अ‍ॅलिगेटर दबा धरून शिकार करतो. डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या पाण्यावर ठेवून तो निश्चल पडून राहतो आणि भक्ष्य काठाशी येताच झेप घेतो. आकाराने कुत्रा त्याच्या नैसर्गिक भक्ष्याशी मिळताजुळता असतो. पाणी पिण्यासाठी वाकलेला किंवा काठाशी भुंकणारा कुत्रा त्याचे लक्ष सहज वेधून घेतो. सायंकाळपासून पहाटेपर्यंत अ‍ॅलिगेटर अधिक सक्रिय असतो. एप्रिल ते जून या मीलनकाळात त्याचा वावर वाढतो, तर पुढील महिन्यांत मादी घरट्याचे रक्षण करते.

फ्लोरिडाच्या वन्यजीव आयोगाच्या सूचना साध्या आहेत. कुत्र्याला साखळीने बांधूनच फिरवावे, काठापासून दूर ठेवावे, गोड्या किंवा मचूळ पाण्यात पोहू देऊ नये. अ‍ॅलिगेटरना खाऊ घालणे राज्यात कायद्याने गुन्हा आहे. माणसाकडून अन्न मिळू लागले की त्याची भीती नाहीशी होते आणि काठावरची प्रत्येक हालचाल त्याला भक्ष्याची चाहूल वाटू लागते. मात्र साखळी हातात असणे पुरेसे नाही. लांब साखळी सोडून पाण्यालगत चालणाऱ्या मालकाला कुत्र्यापाठोपाठ काठाकडे ओढले जाण्याचा धोका असतो. साखळी आखूड हवी आणि वाट पाण्यापासून दूरची हवी.

२०२० मध्ये फ्लोरिडातील एस्टेरो येथे एका ज्येष्ठ नागरिकाने तळ्यात उतरून अ‍ॅलिगेटरचा जबडा हातांनी उघडला आणि आपले पिल्लू सोडवले. या घटनेची चित्रफीत जगभर पाहिली गेली. त्यांचे धाडस वादातीत आहे, परंतु त्यातून अनुकरणाचा धडा घेता येणार नाही. तो अ‍ॅलिगेटर लहान होता. फोर्ट पिअर्स आणि हिल्टन हेड येथील महिलांना तशी संधी मिळाली नाही.

धोकादायक वाटणाऱ्या, चार फूट वा त्याहून लांब अ‍ॅलिगेटरची तक्रार आल्यास आयोग अधिकृत पकडणाऱ्याला पाठवतो. अन्यत्र सोडलेला अ‍ॅलिगेटर अनेकदा मूळ जागी परततो. त्यामुळे पकडलेल्या प्राण्याला सहसा ठार केले जाते. म्हणजे काठावरील निष्काळजीपणाची किंमत कधी कुत्रा, कधी मालक, तर बहुतेक वेळा अ‍ॅलिगेटर मोजतो. एक प्राणी हटवला तरी रिकाम्या तळ्यात दुसरा येतोच.

भारतात नैसर्गिक अधिवासात अ‍ॅलिगेटर आढळत नाही. परंतु त्याच्या कुळाशी नाते सांगणारी मगर मानवी वस्तीलगत नांदते. सांगलीजवळच्या कृष्णेत आणि मोठी मराठी वस्ती असलेल्या वडोदऱ्यातील विश्वामित्री नदीत तिचे वास्तव्य आहे. २०१९ च्या पुरात वडोदऱ्यातील जलमय रस्त्यावर मगर भटक्या कुत्र्यांवर चालून गेल्याचे दृश्य देशभर पाहिले गेले. येथे मगरीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, आणि धोक्यात असलेल्या बहुसंख्य कुत्र्यांना मालक नाही, साखळीही नाही. म्हणून नदीकाठी उरलेले अन्न आणि मांसाचा कचरा न टाकणे हाच येथील पहिला उपाय ठरतो, कारण त्या कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे मगर.

परिस्थिती भिन्न असली तरी दोन्हीकडचा निष्कर्ष एकच आहे. पाण्यातील प्राण्याला शिस्त लावता येत नाही. काठावरच्या माणसाला ती स्वतःला लावून घेता येते.